एका घरांतील पांच मुली आणि त्यांचें शिक्षण

संतांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांच्या प्रार्थनेकडे, तपश्चर्येकडे व मरणाकडे पाहतों. त्यांच्या पाटीपुस्तकाकडे फारसें कोणी पाहत नाहीं. बाळ येशूची संत तेरेजा हिचें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर असतें. हातांत क्रूस व गुलाबाचीं फुलें घेतलेली ती कार्मेल मठांतील तरुण धर्मभगिनी लहान मुलांनाही ओळखतां येते. परंतु ही मुलगी कोणत्या शाळेंत गेली, तेथें किती वर्षें टिकली, घरीं तिला कोणीं शिकविलें, आणि तिच्या चार बहिणींना तोच मार्ग कां लागू पडला नाहीं, असें विचारलें तर उत्तर देणारा विरळाच भेटेल. या ज्युबिली अंकासाठीं कांहीं इतिहासपर लिहावें असें ठरलें, तेव्हां आम्हीं हाच विषय घेतला. मुलाला घरीं शिकवावें कीं शाळेंत घालावें, वसतिगृहांत ठेवावें कीं रोज संध्याकाळीं घरीं आणावें, हा प्रश्न आपल्या आईबापांपुढें आहेच. दीडशें वर्षांपूर्वीं फ्रान्समधील एका घड्याळजीच्या घरांत तो एकदां नव्हे, अनेक वेळां उभा राहिला, आणि दर वेळीं त्याचें उत्तर निराळें निघालें.

लुई मार्टिन यांचा जन्म १८२३ सालीं बोर्दो शहरीं झाला. तरुणपणीं ते घड्याळजीचें काम शिकले, परंतु त्यांच्या मनाची ओढ आल्प्स पर्वतांतील सेंट बर्नार्डच्या मठाकडे होती. १८४५ सालीं ते त्या मठाच्या दाराशीं जाऊन उभे राहिले. लॅटिन येतें काय, असें त्यांना विचारण्यांत आलें. येत नव्हतें. घरीं परतून त्यांनीं लॅटिनची शिकवणी धरली, वर्षाहून अधिक काळ खटपट केली, आणि अखेर तो विचार सोडून ते पुन्हां घड्याळांकडे वळले. एका भाषेच्या अभावीं ज्याच्या आयुष्याची वाट बदलली, तो मनुष्य मुलींच्या शिक्षणाविषयीं बेफिकीर राहणें शक्य नव्हतें.

त्यांची पत्नी झेलीबाई या १८३१ सालीं जन्मल्या. आलाँसाँ या गांवची सुईनें विणलेली लेस फार नामांकित. २०१० सालीं युनेस्कोनें ती कला मानवजातीच्या वारशांत नोंदली आहे. झेलीबाई ती कला शिकल्या व लग्नापूर्वींच त्यांनीं स्वतःचा धंदा उभा केला. गांवांतील बायका आपापल्या घरीं लेसचे लहान लहान तुकडे करीत व झेलीबाईंकडे आणून देत. ते तुकडे जोड दिसूं न देतां एकत्र करण्याचें नाजूक काम त्या स्वतः करीत. १३ जुलै १८५८ रोजीं या दोघांचा विवाह झाला. त्यांना नऊ अपत्यें झालीं. दोन मुलगे व दोन मुली लहानपणींच वारल्या. राहिल्या त्या पांच मुली: १८६० ची मारी, १८६१ ची पॉलीन, १८६३ ची लिओनी, १८६९ ची सेलीन आणि २ जानेवारी १८७३ रोजीं जन्मलेली तेरेजा.

या घरांत आई केवळ गृहिणी नव्हती, हें वाचकांनीं प्रथमच ध्यानांत ठेवावें. लेसचा धंदा इतका वाढला कीं १८७० च्या सुमारास लुई मार्टिन यांनीं आपलें घड्याळांचें दुकान पुतण्याच्या हवालीं केलें व ते पत्नीच्या धंद्याचे हिशेब आणि प्रवास पाहूं लागले. झेलीबाईंचीं दोनशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत. मागण्या वेळेवर पुऱ्या करण्याची धांदल, रात्रीं उशीरापर्यंतचें काम व आजारी लेंकरें हीं त्या पत्रांतून एकमेकांना लागूनच येतात. अशा घरांत दोन शाळकरी मुलींना रोज धडे कोणीं द्यावयाचे?

म्हणून १८६८ च्या ऑक्टोबरांत आठ वर्षांची मारी व सात वर्षांची पॉलीन या दोघींना ल माँ येथील व्हिझिटेशन धर्मभगिनींच्या वसतिशाळेंत ठेवण्यांत आलें. ल माँ हें आलाँसाँपासून सुमारें तीस मैलांवर. त्या मठांत मुलींची सख्खी मावशी, झेलीबाईंची थोरली बहीण, सिस्टर मारी-दोसिते या नांवानें राहत होती. शाळा निवडतांना पुष्कळ आईबाप तिच्या नांवलौकिकाकडे पाहतात. झेलीबाईंनीं मुलींवर लक्ष ठेवणारें आपलें माणूस तेथें आहे हें पाहिलें. आमच्या मतें या निवडीचें सारें मर्म त्या मावशींत आहे. घर तीस मैल दूर होतें खरें, परंतु घरचा डोळा मुलींवर होता, आणि मावशीच्या पत्रांवरून आईला प्रत्येकीची प्रगति, आळस, खोकला व रुसवा हीं सर्व कळत. पॉलीन त्या शाळेंत चांगली रमली. मारीचा स्वभाव स्वतंत्र. तिला घराची आठवण फार होई. १८७३ च्या वसंतांत तिला विषमज्वर झाला तेव्हां ती घरींच येऊन पडली, व आईनें तिची शुश्रूषा केली. पुढें ती शाळेंत परत गेली आणि १८७५ सालीं तिथलें शिक्षण पुरें करून कायमची घरीं आली.

दोन मुलींचें जमलें म्हणून तिसरीचेंही जमेल, असें कोणासही वाटेल. मावशीलाही तसें वाटलें. परंतु लिओनी ही निराळी मुलगी होती. लहानपणीं ती वारंवार आजारी असे. अभ्यासांत मंद, स्वभावानें हट्टी, आणि हुशार बहिणींच्या मागून येणाऱ्या मुलाच्या वांट्यास जें येतें तें सर्व तिच्या वांट्यास आलें होतें. मावशीनें तिला दोन वेळां मठाच्या शाळेंत ठेवून पाहिलें. दुसरा प्रयत्न १८७४ सालचा. तो थोड्याच महिन्यांत संपला. इतर मुलींबरोबर हिला ठेवतां येत नाहीं, असें सांगून तिला घरीं पाठविण्यांत आलें. मायेची मावशी, उत्तम शाळा, आणि तरीही मुलगी परत! झेलीबाईंच्या पत्रांत त्या वेळचें दुःख स्पष्ट आहे. घरीं येऊनही लिओनीचें बरें झालें नाहीं. आई कामांत बुडालेली. घरच्या मोलकरणीनें या मुलीवर गुपचूप धाक बसविला होता, व आईऐवजीं मुलगी तिचेंच ऐके. हें कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. १८७७ सालीं थोरल्या मारीनें तें ओळखलें, आईस सांगितलें, आणि लिओनीस आपल्या हाताखालीं घेतलें. घर हें आपोआप मुलाचें आश्रयस्थान होतें असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. घरांतही कोणीतरी पाहावें लागतें.

मारी शाळेंतून परत आली ती शिक्षिका होऊनच. सेलीन प्रकृतीनें नाजूक. तिला मारी घरीं धडे देऊं लागली. तेरेजा त्या वेळीं अडीच-तीन वर्षांची. सेलीनपासून क्षणभर दूर राहणें तिला असह्य होई, म्हणून धड्याच्या वेळीं तिलाही त्या खोलींत बसूं देत. मात्र गडबड करावयाची नाहीं, ही अट. झेलीबाई एका पत्रांत लिहितात कीं, ही पोर दोन-दोन तीन-तीन तास हालत नाहीं. मणी ओंवते, नाहीं तर चिंधी शिवीत बसते. सुईंतून दोरा निघाला कीं तो पुन्हां घालण्याची धडपड करते. तो जात नाहीं, मारीला हांक मारण्याचें धैर्य होत नाहीं, आणि गालांवर दोन टपोरे अश्रु येतात. ज्या घरांत एकाहून अधिक मुलें शिकतात तेथें धाकटें पोर अशा रीतीनें, कोणी न शिकवितां, किती शिकतें हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल.

१८७७ हें वर्ष या कुटुंबाला फार जड गेलें. फेब्रुवारींत मावशी क्षयानें वारली. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला एक पत्र आलें होतें, तें लिओनीचें. आपण खरी धर्मभगिनी व्हावें अशी कृपा स्वर्गांत गेल्यावर आपल्यासाठीं मागावी, अशी त्यांत विनंति होती. ज्या मुलीस मावशीच्याच शाळेनें परत पाठविलें तिचें हें पत्र वाचून आई चकित झाली. त्याच सुमारास झेलीबाईंच्या छातींतील कर्करोग बळावला होता. उन्हाळ्यांत पॉलीन शिक्षण पुरें करून घरीं आली, आणि २८ ऑगस्ट रोजीं झेलीबाई निवर्तल्या. अंत्यविधीनंतर सेलीन मारीच्या गळ्यांत पडली व तूंच माझी आई असें म्हणाली. तेरेजानें पॉलीनला आई केलें. सतरा वर्षांच्या मारीकडे घर आलें, व सोळाव्या वर्षांत असलेल्या पॉलीनकडे साडेचार वर्षांची विद्यार्थिनी आली.

लुई मार्टिन यांना आलाँसाँ सोडवत नव्हतें, परंतु आईवेगळ्या मुलींना जवळ मायेचें माणूस हवें म्हणून ते नोव्हेंबरांत लिझ्यू या गांवीं राहावयास गेले. तेथें मुलींचे मामा इसिदोर गेरँ यांचें औषधांचें दुकान होतें. मामी होती, दोन मामेबहिणी होत्या. राहावयास घेतलेल्या घराचें नांव ले ब्विसोने. नवीन घरांत सर्व व्यवस्था नव्यानें लावावी लागली. १८७८ च्या जानेवारींत लिओनीस गांवच्या बेनेडिक्टीन धर्मभगिनींच्या शाळेंत वसतिविद्यार्थिनी म्हणून ठेवलें. सेलीन त्याच शाळेंत दिवसभर जाई, दुपारीं तेथें जेवी व संध्याकाळीं घरीं येई. तेरेजा घरींच. तीन मुली, तीन प्रकार. आणि शाळा मात्र गांवांतलीच.

ले ब्विसोनेमधील पॉलीनची शाळा आम्हांस फार आवडते, म्हणून तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. सकाळीं वाचन, लेखन, प्रश्नोत्तरी व पवित्र इतिहास. तेरेजानें कोणाच्या मदतीवांचून वाचलेला पहिला शब्द 'स्वर्ग' या अर्थाचा होता, असें तिनेंच लिहून ठेविलें आहे. प्रश्नोत्तरी व पवित्र इतिहास तिला सहज येत. व्याकरण मात्र रडवी, विशेषतः पुल्लिंग व स्त्रीलिंग. (फ्रेंच भाषेंत लिंगें दोनच. मराठी मुलांना तीन सांभाळावीं लागतात, हें पाहून आमच्या बालवाचकांनीं धीर धरावा.) दुपारीं बापाबरोबर फिरावयास जाणें हें सर्वांत मोठें सुख, परंतु सकाळचा धडा बरा झाला नसेल तर फिरणें बंद. पॉलीन एकदां नाहीं म्हणाली कीं बापाच्यानेंही तें बदलवत नसे. वर्षाच्या शेवटीं घरांतच बक्षीससमारंभ होई. स्पर्धक एकच, तरी समारंभ यथासांग. गुणांप्रमाणेंच बक्षीस, त्यांत वशिला नाहीं. निकाल वाचला जात असतांना त्या एकट्या स्पर्धकाची छाती धडधडे!

एकदां तेरेजानें विचारलें कीं, स्वर्गांत सर्वांना सारखा मान नसेल, तर कमी मानाचे लोक दुःखी होणार नाहींत काय? पॉलीननें बापाचा मोठा पेला मागविला, त्याच्याशेजारीं तेरेजाचें शिवणाचें अंगुस्तान ठेविलें, आणि दोन्हीं कांठोकांठ पाण्यानें भरलीं. मग विचारलें, यांतलें अधिक भरलेलें कोणतें? ईश्वरज्ञानाच्या मोठमोठ्या ग्रंथांत ज्या प्रश्नासाठीं पानें खर्चीं पडलीं आहेत, तो एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनें स्वयंपाकघरांतील दोन वस्तूंनीं उलगडला. संध्याकाळीं सोंगट्यांचा एखादा डाव होई. नंतर थोरल्या बहिणी उपासनावर्षावरील एका पुस्तकांतून कांहीं पानें मोठ्यानें वाचीत, मग एखादें बोधपर पुस्तक. शेवटीं बाप धाकट्या दोघींना मांडीवर घेऊन गाणें म्हणे, आणि सर्वजण प्रार्थनेस गुडघे टेकीत.

याच सुमारास फ्रान्सच्या सरकारनें शिक्षणाचा कायदा केला, त्याची हकीकत येथें सांगितली पाहिजे. २८ मार्च १८८२ च्या कायद्यानें सहा ते तेरा वर्षांच्या सर्व मुलामुलींना शिक्षण सक्तीचें झालें. सरकारी शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकण्यांत आल्यामुळें कॅथलिक लोकांचा त्या कायद्यावर रोष होता. परंतु सक्ती झाली ती शिक्षणाची, शाळेची नव्हे, हें पुष्कळांस माहीत नसतें. शिक्षण सरकारी शाळेंत, खाजगी शाळेंत किंवा घरीं, बापानें स्वतः अथवा त्यानें निवडलेल्या कोणीही दिलें तरी चालेल, असें कायद्यांतच स्पष्ट लिहिलें होतें. घरीं शिकणाऱ्या मुलांची दरवर्षीं परीक्षा घ्यावी, एवढें बंधन. त्या देशांत ही मोकळीक पुढें जवळजवळ १४० वर्षें टिकली. २०२१ सालच्या ऑगस्टमधील कायद्यानें ती आवळली, आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून घरीं शिकविण्यास सरकारची आगाऊ परवानगी लागूं लागली. आपल्याकडे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठीं आहे. शाळेबाहेर शिकणाऱ्यांस राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची वाट मोकळी आहे. असो.

३ ऑक्टोबर १८८१ रोजीं, साडेआठ वर्षांची असतांना, तेरेजा बेनेडिक्टीन शाळेंत जाऊं लागली. लिओनी त्याच वर्षीं ती शाळा सोडून घरीं आली होती. पॉलीनचें शिकविणें इतकें उत्तम झालें होतें कीं, तेरेजास तिच्याहून बऱ्याच मोठ्या मुलींच्या वर्गांत बसविण्यांत आलें, व तेथेंही तिचा नंबर वर येऊं लागला. संकट येथेंच उपजलें. तेरा-चौदा वर्षांची, अभ्यासांत मागें परंतु वर्गावर वचक असलेली एक मुलगी तिचा हेवा करूं लागली व नाना प्रकारें छळूं लागली. तेरेजा उलट बोलत नसे, तक्रार करीत नसे, नुसती रडे. घरीं तिला एकट्या स्पर्धकाची संवय होती. मुलांच्या घोळक्यांत कसें वागावें, हा धडा पॉलीनच्या वेळापत्रकांत नव्हता. खेळाच्या सुटींत तिला धांवणें-पळणें जमेना. ती मेलेल्या पाखरांना पुरी, नाहीं तर मैत्रिणींना गोष्टी रचून सांगे. श्रोते जमूं लागले तेव्हां बाईंनीं तेंही बंद केलें, कारण सुटी ही धांवण्यासाठीं आहे, व्याख्यानासाठीं नव्हे. सेलीन शाळेंत होती म्हणून निभावलें. ती धीट होती व धाकटीसाठीं भांडे. या शाळेंतील पांच वर्षें आपल्या आयुष्यांतील अत्यंत दुःखाचीं होतीं, असें तेरेजानें पुढें लिहिलें आहे.

यांत शाळेस दोष देणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. त्याच शाळेंत सेलीन सात वर्षें आनंदानें शिकली. त्याच शाळेंतील धर्मगुरु आबे दोमँ हे तेरेजाचीं प्रश्नोत्तरीचीं उत्तरें ऐकून तिला आपली छोटी पंडिता म्हणत. १९ ऑक्टोबर १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तिला ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून घोषित केलें, तेव्हां त्या धर्मगुरूंचें कौतुक किती दूरवर पोहोंचलें हें जगास दिसलें. आणि तिचा प्रथम ख्रिस्तप्रसादही त्याच मठांत झाला.

मध्यंतरीं घराचा आधार पुन्हां ढळला होता. २ ऑक्टोबर १८८२ रोजीं पॉलीन कार्मेल मठांत गेली. पहिली आई मृत्यूनें नेली, दुसरी मठाच्या जाळीआड गेली. तेरेजाची डोकेदुखी सुरू झाली, आणि १८८३ च्या पास्काच्या सुमारास ती इतकी आजारी पडली कीं, वैद्यांचें कांहीं चालेना. १३ मे रोजीं, पेंटेकॉस्टच्या रविवारीं, बहिणी पवित्र मरीयेच्या मूर्तीपुढें प्रार्थना करीत असतां ती बरी झाली. ऑक्टोबरांत ती पुन्हां शाळेंत गेली. आतां मात्र घरीं मारी तिची शिक्षिका होती. पॉलीननेंही शिकविणें सोडलें नव्हतें. ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठीं तिनें मठांतून एक हस्तलिखित वही करून पाठविली. रोजचीं लहान लहान त्यागाचीं कृत्यें व प्रार्थना फुलांच्या नांवाखालीं मांडून ठेवावयाचीं, अशी तिची योजना होती. संध्याकाळीं मारी धाकटीस मांडीवर घेऊन बोध करी. असें एकाच वेळीं शाळा, घर व मठ या तिन्ही ठिकाणांहून तिचें शिक्षण चाललें होतें, आणि ८ मे १८८४ रोजीं तिनें प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला. त्याच दिवशीं पॉलीननें कार्मेल मठांत व्रतें घेतलीं.

१८८५ च्या उन्हाळ्यांत सेलीनचें शिक्षण संपलें. ऑक्टोबरांत तेरेजा एकटीच शाळेंत गेली. पाठीराखी बहीण नाहीं, आणि मनांत पापभीरुतेची काळजी माजलेली. थोड्याच महिन्यांत डोकेदुखी परत आली. १८८६ सालच्या आरंभीं बापानें तिला शाळेंतून काढून घेतलें. तिला तेरा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं, म्हणजे कायद्याची सक्तीही संपली होती. आज कित्येक बाप अशा वेळीं म्हणतात, 'एवढीं वर्षें काढलींस, आणखी एक काढ.' लुई मार्टिन तसें म्हणाले नाहींत. परंतु त्यांनीं तिला नुसती घरींही बसविली नाहीं. मादाम पापिनो नांवाच्या एका शिक्षिकेकडे आठवड्यांतून अनेक वेळां शिकवणी सुरू झाली. ही बाई चांगली विद्वान होती. आई व एक मांजर यांच्यासह ती जुन्या सामानानें भरलेल्या घरांत राही. शिकवणी त्या दिवाणखान्यांतच चाले व तेथें पाहुण्यांची ये-जा असे. ही सुंदर केसांची मुलगी कोण, असें पाहुणे विचारीत आणि विद्यार्थिनी पुस्तकांत नाक खुपसून सर्व ऐके. अशा वेळीं अभ्यास फारसा होत नसे, व स्तुति मात्र कानांत शिरे, हें तिनें पुढें प्रांजळपणें लिहिलें आहे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. मरीयेच्या कन्यांच्या संघांत प्रवेश मिळण्यासाठीं जुन्या शाळेंत पुन्हां हजेरी लावणें जरूर होतें. जी शाळा सोडली तींतच तेरेजा आठवड्यांतून दोन दिवस दुपारीं जाऊं लागली. ती मुकाट्यानें शिवणकाम करी, आणि तें झालें कीं बाप येईपर्यंत देवळांत बसून राही. ३१ मे १८८७ रोजीं तिला संघांत घेण्यांत आलें. यापूर्वीं १८८६ च्या ऑक्टोबरांत मारीही कार्मेल मठांत गेली होती; त्याच वर्षींच्या नाताळच्या रात्रीं तेरेजाचा रडवेपणा एकाएकीं निघून गेला. मग चौदाव्या वर्षीं तिला ज्ञानाची विलक्षण भूक लागली. शिकवणीच्या पुस्तकांवर न थांबतां तिनें इतिहास व शास्त्रें यांचा एकटीनेंच अभ्यास आरंभिला, व थोड्या महिन्यांत पूर्वींच्या सर्व वर्षांहून अधिक मिळविलें. हें तिला दहाव्या वर्षीं जमलें नसतें. पॉलीनचे धडे, शाळेंतील दुःख व मोकळी झालेली प्रकृति हीं सर्व त्यापूर्वीं यावीं लागलीं.

९ एप्रिल १८८८ रोजीं, पंधराव्या वर्षीं, ती कार्मेल मठांत गेली. तेथें १८९५ च्या आरंभीं मदर आग्नेस यांनीं तिला बालपणच्या आठवणी लिहावयास सांगितल्या. मदर आग्नेस म्हणजे पॉलीनच! तेरेजानें साध्या वह्या भरल्या. व्याकरणाच्या चुका अजूनही होत्या. ३० सप्टेंबर १८९७ रोजीं ती वारली. त्यानंतर पॉलीननें त्या वह्या हातीं घेतल्या, चुका काढल्या, मजकूर जुळविला, आणि १८९८ सालीं 'एका आत्म्याची कहाणी' छापून निघाली. ले ब्विसोनेच्या टेबलावर ज्या बहिणीनें पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकवितांना त्या मुलीस रडविलें होतें, तिनेंच शेवटची वही तपासली. १९५६ सालीं मूळ वह्या जशाच्या तशा प्रसिद्ध झाल्या तेव्हां त्या चुकाही जगापुढें आल्या, व वाचकांनीं त्या प्रेमानेंच स्वीकारल्या. १७ मे १९२५ रोजीं तेरेजा संतपदास पोहोंचली होती. तिच्या आईबापांस १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं एकत्र संतपद देण्यांत आलें. बेनेडिक्टीन मठ व शाळा १९४४ च्या जूनमधील बाँबवर्षावांत नष्ट झालीं. ले ब्विसोनेचें घर मात्र वाचलें.

चरित्रकारांत दोन पक्ष दिसतात. कोणी म्हणतात, घरच्या शिक्षणानें ही संत घडविली, शाळेनें तिला केवळ दुःख दिलें. कोणी म्हणतात, घरच्या लाडांनीं ती दुबळी झाली होती, तिला शाळेनेंच कणखर केलें. आम्हांस दोन्ही पक्ष एकाच मुलीकडे पाहून निकाल देतात असें वाटतें. पांचही मुली डोळ्यांपुढें ठेवल्या तर निकाल इतका सोपा राहत नाहीं. पॉलीनला वसतिशाळा मानवली, मारीनें ती सोसली, सेलीनला आधीं घर व मग दिवसाची शाळा योग्य ठरली, तेरेजाला घर, शाळा व पुन्हां घर. दर वेळीं एका मुलीची प्रकृति, घरांत हयात असलेलीं माणसें व हातीं असलेला पैसा हीं पाहून ठरविण्यांत आलें; आणि ठरविलेलें बदलण्याची लाज बाळगण्यांत आली नाहीं. मात्र यास किंमत पडे. प्रत्येक बदलांत कोणाचा तरी वेळ खर्चीं पडला, आणि तो वेळ बहुतेक थोरल्या दोन बहिणींचा होता. त्यांनीं आपलें तारुण्य धाकट्यांच्या पाट्यांवर घालविलें, हें आजवरच्या चरित्रांतून पुरेसें आलेलें नाहीं.

राहिली लिओनी. जिच्यासाठीं सर्वांत अधिक प्रयत्न झाले व जी सर्वांत कमी शिकली, तिची हकीकत सांगून लेखणी ठेवतों. बेनेडिक्टीन शाळेंतून ती अठराव्या वर्षीं बाहेर पडली. १८८६ सालीं ती क्लारिस्ट भगिनींच्या मठांत गेली. दोन महिन्यांत परत आली. १८८७ सालीं काँ शहरांतील व्हिझिटेशन मठांत गेली, पुन्हां परत. १८९३ सालीं तेथेंच तिसरा प्रयत्न केला, तो १८९५ पर्यंत टिकला. शाळेंतून परत येण्याची जी संवय तिला लहानपणीं लागली होती, ती मठांतही सुटेना असें लोकांस वाटलें असेल. लिझ्यूला ती मामांच्या घरीं राहूं लागली. तेरेजा मरणापूर्वीं तिच्याविषयीं निश्चिंत होती. १८९९ च्या जानेवारींत, पस्तिसाव्या वर्षीं, लिओनी पुन्हां काँच्या त्याच मठाच्या दाराशीं गेली, आणि या वेळीं परत आली नाहीं. ज्या संस्थेच्या शाळेनें तिला लहानपणीं ठेवून घेतलें नव्हतें, त्याच संस्थेच्या मठांत ती सिस्टर फ्रान्स्वाझ-तेरेज या नांवानें बेचाळीस वर्षें राहिली. १९४१ च्या जूनमध्यें ती वारली, आणि २०१५ सालीं तिच्या संतपदाची चौकशी सुरू झाली.